पाण्याची पाळी : मराठवाड्यातल्या टंचाईचे तुमचे अनुभव

पाणी कमी पडलं की ते वाटून घ्यायचा नियम कोणीतरी करतो. कधी महापालिका करते, कधी ग्रामपंचायत, कधी गल्लीतल्या बायका, तर कधी घरातली आजी. तुमच्याकडं तो नियम काय होता, कोणी ठरवला आणि टिकला का, हे आठही जिल्ह्यांतून लिहा. साल कुठलंही चालेल. टँकर, गुरांची चारा छावणी, बोअर, रात्री दोनला सुटणारा नळ, सगळं येऊ द्या. पुढच्या टंचाईत कुणाच्या तरी कामी यावं, एवढ्यासाठी हे विचारतेय.

सुरुवात मीच करते. लातूर, 2016. धनेगावच्या मांजरा धरणात उपसण्याजोगं काही राहिलं नव्हतं आणि नळ बंद पडले होते. आमच्या गल्लीत टँकर आला की घरटी 200 लिटर मिळायचं, मग पुन्हा आठवडाभर वाट. मार्चमध्ये टाक्या आणि टँकर भरायच्या जागांभोवती 144 कलम लागलं. पाचपेक्षा जास्त माणसांनी तिथं जमायचं नाही. त्याच सुमारास आमच्या गल्लीतल्या बायकांनी यादी केली. नंबर भांड्यांचा लावायचा नाही, घराचा लावायचा. ज्या घरात बाळंतीण किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस, त्यांचा ड्रम आधी. त्यावरून एकदा जोराचं भांडण झालं, पण यादी मोडली नाही. ती करणाऱ्या बायका स्वतः पाणी भरणाऱ्या होत्या, हे त्याचं कारण असं मला आजही वाटतं. पाहुणे आले की आधी विचारायचं, "अर्धा पेला देऊ का?" वाईट वाटायचं, पण पेल्यात उरलेलं पाणी फेकवत नसे. शिकवणीसाठी आलेली पोरं खोल्या सोडून गावी निघून गेली.

12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी (टाकीचे डबे), पाच लाख लिटर. शहराची वस्ती तेव्हा चार-पाच लाखांची, म्हणजे माणशी लिटर-सव्वा लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली, 25 लाख लिटरची. त्या गाडीचे उपकार मी विसरणार नाही. पण तीनशे किलोमीटरहून पाणी आणावं लागलं, याचा राग अजून गेलेला नाही.

अंबड तालुका, जालना (आजोबा सांगतात, मी लिहून घेतोय)
बहात्तरला घरात दाणा नव्हता. आम्ही दुष्काळी कामावर खडी फोडली, पाझर तलावाची माती वाहिली. लेकरांना सुकडी मिळायची, आम्हाला मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. भाकर थापताना तुटायची. पण गावच्या आडाला तळाशी का होईना, पाणी होतं. पोहऱ्यानं शेंदायचं म्हटल्यावर माणूस शेंदून शेंदून किती शेंदणार? 2012-13 ला उलटं झालं. दुकानात धान्य होतं, आड मात्र ठणठणीत कोरडा. मधल्या काळात मोटारी आल्या, बोअर आले.

(इथून माझं.) त्या वर्षी आमची मोसंबी गेली. पंधरा वर्षांची झाडं. आधी टँकर विकत घेऊन बाग जगवायचा प्रयत्न केला, मग वडिलांनी स्वतःच सांगितलं की आता थांबा, माणसांना पाणी नाही. वाळलेली झाडं जेसीबीनं काढली तेव्हा ते शेतात आले नाहीत. जालना शहराजवळ घाणेवाडीच्या निजामकालीन तलावातला गाळ लोकांनी काढला आणि शेतात नेऊन टाकला, ते काम मी पाहिलंय. गाळ निघाला की तलावात पाणी जास्त मावतं आणि मुरमाड रानाला माती मिळते. असं काम दरवर्षी व्हायला पाहिजे.

छत्रपती संभाजीनगर
आमच्याकडं दुष्काळ नसतानाही पाळी असते. जायकवाडी धरण भरलं की शंभर टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर पाणी, आणि शहरातल्या कितीतरी वसाहतींत नळ आठ-आठ दिवसांनी. धरणात पाणी असून ते शहरापर्यंत आणणारी जलवाहिनी जुनी आणि अपुरी, हे दुखणं. माझ्या आईनं सगळं आयुष्य नळाच्या वेळेवर बेतलं. लग्नाला जायचं की नाही, हे नळाच्या वारावर ठरायचं. तिला यावर काय वाटतं हे घरात आम्ही कोणी कधी विचारलंच नव्हतं. परवा विचारलं तर म्हणाली, "झोप राहिली माझी."

पैठण
वरच्या भाऊंना पूरक सांगतो. नियम मोठ्या पातळीवरही आहे. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे जलसंपत्ती नियमन प्राधिकरणानं 2014 मध्ये ठरवून दिलंय. तरी पाणी सोडायची वेळ आली की आंदोलनं आणि कोर्टकचेऱ्या होतातच. तिकडचा शेतकरीही आपल्यासारखाच, त्याची द्राक्षं डोळ्यांदेखत वाळतात. पण तारीख आणि टक्का कागदावर असल्यामुळं निदान बोलायला जागा आहे.

कळंब तालुका, धाराशिव
2019 ला तहसीलनं माझा बोअर गावासाठी अधिग्रहित केला. खरं सांगतो, पहिले काही दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. डाळिंबाची बाग समोर आणि पाणी मात्र टाकीत. मग रोज सकाळी हंडे घेऊन येणारी माणसं दिसायला लागली आणि राग निवला.

खोल बोअरबद्दल थोडं. आपल्याकडं काळा पाषाण. पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. खाली आठशे फूट गेलं तर बहुतेक वेळा धूळच उडते, आणि लागलंच तर ते शेजाऱ्याच्या विहिरीचं असतं. 2009 च्या भूजल कायद्यानं शेतीसाठी 60 मीटरहून, म्हणजे सुमारे दोनशे फुटांहून, खोल जायला मनाई केली आहे. आमच्या शिवारात दोनशे फुटांवर थांबलेला बोअर मला दाखवा. ऊस लावायचा आणि पाणी गेलं म्हणून रडायचं, हे आता आपणच आपल्याला स्पष्ट सांगायला हवं.

परभणी
येलदरीचं पाणी पाइपातून आमच्या गावावरून पुढं जातं. आम्ही हापशावर. एवढंच.

आष्टी, बीड
2019 चा उन्हाळा छावणीत काढला. घरचा माणूस आणि मी आळीपाळीनं. दावणीला दोन बैल, एक गाय, एक म्हैस. चारा मोजून मिळायचा, पेंड ठरलेल्या दिवशी. पत्र्याची सावली, बाजूला लोकांची बाजेवरची बिऱ्हाडं. गुरं विकली असती तर बाजारात कवडीमोल गेली असती. बाईमाणसाला मात्र छावणीत अंघोळीला आडोसा नव्हता, हे कुठल्या पाहणीत आलं नाही म्हणून इथं लिहिते. आम्ही चौघींनी साड्या बांधून आडोसा केला आणि पहाटे चारची पाळी लावली.

गावातला त्रास वेगळा. आमच्याकडची निम्मी माणसं ऊसतोडीला जातात आणि ऐन कडाक्याच्या उन्हात परत येतात. गाव भरतं, टँकरच्या खेपा तेवढ्याच.

(धागाकर्ती)
आष्टीच्या ताई, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. खेपा वाढवून घेता आल्या का? कशा?

आष्टी, बीड
थोड्या वाढल्या. टँकरचं गणित तेव्हा माणशी दिवसाला 20 लिटर, आणि लोकसंख्या 2011 च्या जनगणनेची. त्या वर्षी नंतर सरकारनं 2018 ची लोकसंख्या धरायचं ठरवलं, पण आपल्या गावाला ते लागू झालं का हे आपणच बघावं लागलं. आम्ही ग्रामसेवकाला घेऊन परत आलेल्या कुटुंबांची नावं लिहिली, रेशनकार्डांच्या झेरॉक्स लावल्या आणि अर्ज तहसीलला दिला. दुसरं म्हणजे टँकरचं लॉगबुक. खेप आली की त्यावर गावातल्या माणसांच्या सह्या लागतात. आधी त्या एकाच घरात बसून व्हायच्या. आम्ही धरून बसलो की सही विहिरीजवळ करायची, टँकर रिकामा झाल्यावर, आणि त्यात दोन बायकांची पाहिजेच. तेव्हापासून न आलेली खेप लिहिली जायची बंद झाली. अर्जाचा मजकूर हवा असेल तर सांगा, इथं टाकते.