'वॉल-ई' मुलांना पर्यावरण शिकवतो का? माझं मत: हो, आणि धड्यापेक्षा चांगलं

अमळनेरच्या बाई
सातवीच्या वर्गाला प्रोजेक्टरवर 'वॉल-ई' (2008) दाखवला. त्यावर दोन-तीन पालकांचं म्हणणं आलं, की कार्टून दाखवण्यापेक्षा पर्यावरणाचा धडा नीट घ्या. म्हणून विषय इथे मांडते. पाहिला नसेल त्यांच्यासाठी: पृथ्वी कचऱ्याखाली गेली आहे, माणसं अवकाशयानात राहतात, आणि मागे उरलेला एक छोटा यंत्रमानव कचरा दाबून त्याचे ठोकळे रचत बसला आहे. त्याला एक कोवळं रोप सापडतं, तो ते जुन्या बुटात ठेवतो. ते रोप यानापर्यंत पोचतं आणि माणसं परत येतात.

सुरुवातीचा बराच वेळ या सिनेमात जवळजवळ कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते तिथेच तो मुलांना पकडतो. 'झाडे लावा, झाडे जगवा' भिंतीवर वाचून वाचून पोरांची नजर मरून गेली आहे. इथे त्यांना स्वतः बघावं लागतं. ठोकळ्यांचे मनोरे इमारतींच्याही वर गेलेत हे कुणी सांगत नाही, पोरंच एकमेकांना ढोसून दाखवतात. कचऱ्यात वॉल-ईला हिऱ्याची अंगठी मिळते. तो अंगठी फेकून देतो आणि डबी ठेवून घेतो, कारण डबी उघडते-मिटते. "अरे, अंगठी फेकली!" म्हणून वर्गात एकच गिल्ला झाला. मग मोल कशाचं आणि ते ठरवायचं कुणी, यावर तास संपेपर्यंत भांडण चाललं. स्वाध्यायातल्या प्रश्नांवर असं कुणी भांडत नाही.

रावेरचा केळीवाला
बाई, मीही पोरांसोबत बघितला. चित्रं झकास आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण बुटातलं एक रोप जगलं म्हणून अख्खी जमीन राहण्याजोगी झाली, हे शेतकऱ्याला कसं पटावं? शेवटी कप्तान पोरांना सांगतो, आता आपण शेती करू, भाज्या लावू, पिझ्झाची झाडं लावू. सातशे वर्षं कचरा पडलेल्या मातीचा पोत काय राहिला असेल, याचा विचारच नाही.

माझी खरी तक्रार मात्र पुढची आहे. हिरवं दिसलं म्हणजे वाचलं, असं हा सिनेमा पोरांच्या डोक्यात भरतो. आमच्या रावेर-यावलकडे मे महिन्यात या. पारा 45 च्या वर आणि बागा हिरव्यागार. केळीचं पीक वर्षभर आणि वर महिना-दोन महिने जमिनीत उभं असतं, त्याला सतत पाणी लागतं. ठिबक सगळीकडे आलं, तरी उपसा काही कमी झाला नाही, कारण वाचलेल्या पाण्यावर आणखी बाग लागली. भूजलाच्या अतिउपशात या दोन्ही तालुक्यांचं नाव येतं. ज्या विहिरींवर आजोबांची मोट चालायची त्या कोरड्या आहेत आणि बोअर शेकडो फूट खाली गेलेत. हे पोराला रस्त्यावरून दिसणार कसं? त्याला दिसते ती हिरवळ. कचरा दाखवणं सोपं आहे हो.

चटईवाला, जळगाव एमआयडीसी
केळीवाल्या भाऊंशी सहमत, आणि माझा आणखी एक आक्षेप. त्या कचऱ्याच्या डोंगरात एकही माणूस नाही. आमच्याकडे जुन्या प्लास्टिकच्या दाण्यापासून चटई बनते. पण दाणा होण्याआधी ते प्लास्टिक कुणीतरी वेचतं, कुणीतरी भंगारात आणतं, मग बायका बसून रंगाप्रमाणे, जातीप्रमाणे निवडतात. दुधाची पिशवी वेगळी, बादली वेगळी. कडक आणि नरम माल एकत्र गेला की घाण निघते. सिनेमात हे सगळं काम एक गोंडस यंत्र करतं आणि ठोकळे नुसते रचून ठेवतं. पोरं त्या यंत्राच्या प्रेमात पडतात आणि गोणी घेऊन जाणाऱ्या मावशीकडे बघतही नाहीत. 2018 साली राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हाही या बायकांना कुणी काही विचारलं नव्हतं.

अमळनेरच्या बाई
चटईवाले भाऊ, तुमचा मुद्दा मला लागला. वेचणाऱ्या बायका सिनेमात नाहीत, खरंच नाहीत. वर्गात हे मी बोलेन.

पण केळीवाल्या भाऊंना उत्तर देते. सिनेमात माणसं पृथ्वी सोडून गेली ती पाच वर्षांच्या सहलीसाठी. कंपनीने सांगितलं, तुम्ही फिरून या, तोवर आम्ही साफ करून ठेवतो. साफ होत नाही हे कळल्यावर कंपनीच्या प्रमुखाने यानाच्या स्वयंचालकाला गुपचूप हुकूम दिला, की परत आणायचं नाही. प्रवाशांना कुणी सांगितलंच नाही. पिढ्या गेल्या, खुर्चीवर बसून पडद्याकडे बघणाऱ्यांना चालताही येईना. खाली काय संपत चाललंय हे वर मजेत बसलेल्यांना कळू न देणं, हीच तुमच्या बोअरची गोष्ट आहे. आणि शेवटची नामावली उठून न जाता बघा. त्या चित्रांत माणसं आणि यंत्रं नव्याने शेती शिकतात, चित्रांची शैली गुहाचित्रांपासून व्हॅन गॉगपर्यंत बदलत जाते, म्हणजे काळ लोटतोय. अखेर मोठं झाड येतं आणि त्याची मुळं त्या बुटात उतरलेली असतात. एका दिवसात पृथ्वी सुधारली असं तो म्हणत नाही.

साक्रीकडचा
नामावली कुणी बघत नाही बाई, तेवढ्यात लोक चपला शोधायला लागतात.

मला 'दिल्ली सफारी' (2012) जास्त कामाचा वाटतो. बिल्डरच्या बुलडोझरपायी बिबट्याच्या पिल्लाचा बाप मरतो, मग प्राणी थेट दिल्लीला जाऊन संसदेला जाब विचारतात. भाषणबाजी आहे, मान्य. पण जाब कुणाला विचारायचा हे पोराला कळतं. 'वॉल-ई'तली कंपनी कुठली, तिला विचारायचं कुठे, काहीच हाती लागत नाही.

आणि आमच्या तालुक्यात बारीपाडा आहे. चैत्राम पवारांनी गावाला सोबत घेऊन उजाड डोंगर राखला, कुऱ्हाड थांबवली, पाणी अडवलं. 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे वनभाज्यांची पाककृती स्पर्धा भरते, बायका रानातल्या भाज्या रांधून आणतात. पोरांना ते दाखवा. तिथल्या पोराला 'पृथ्वीवरचं शेवटचं रोप' सांगाल तर तो विचारेल, कुठलं रोप, नाव काय?

तापीकाठ
भाऊ, तुन्हं म्हननं खरं शे, पन पोरेसले आधी गोडी लागू दे. सगळ्या शाळांच्या सहली बारीपाड्याला जाऊ शकत नाहीत. चोपड्याच्या पोराला बुटातल्या रोपाची काळजी वाटली तर ती खोटी कशी म्हणायची?

रावेरचा केळीवाला
खोटी नाही म्हणत. काळजी चुकीच्या ठिकाणी खर्च होते म्हणतो. आणि बाई, खाली काय संपतंय ते कळू देत नाहीत हा तुमचा मुद्दा बरोबर, पण आमच्याकडे कुणी लपवलेलं नाही. उपसा आम्हीच करतो, आम्हाला माहीत आहे, तरी पुढच्या वर्षी पुन्हा केळीच लावतो, कारण दुसऱ्या पिकाला हा पैसा नाही. हे कुठल्या सिनेमात बसतं सांगा.

पोरं आणायची असतील तर आणा. मळ्यात जुनी विहीर आहे, तळाला थोडं पाणी राहतं, दोराला गाठी मारून माप घेता येईल. एकदा दसऱ्यानंतर या, एकदा परीक्षा संपल्यावर. दोन्ही मापं पोरांनी स्वतः वहीत लिहायची.