फलकाआधी पासवर्ड हाती द्यावा
ग्रंथालयात फलक लावून आणि वर्षारंभी एक कार्यशाळा घेऊन ई-साधनांचा (ऑनलाइन नियतकालिके, ई-पुस्तके) वापर वाढेल, असे अनेकदा सुचवले जाते. माझा अनुभव थोडा निराळा आहे. आमच्या महाविद्यालयाने एन-लिस्टचे, म्हणजे महाविद्यालयांना ई-नियतकालिके आणि ई-पुस्तके पुरवणाऱ्या योजनेचे, सभासदत्व घेतले होते, पण पासवर्डचा ईमेल बहुतेकांनी उघडलाच नव्हता (फलक मात्र सुरेख होता). पुढे प्रकल्पाच्या दिवसांत आम्ही ग्रंथालयातली मंडळी विभागातच जाऊन बसलो, प्रत्येकाच्या मोबाइलवर तिथल्या तिथे लॉगिन करून दिले आणि त्याच्याच विषयावरचा एक लेख उघडून दाखवला. शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, मराठीतले प्रबंध लॉगिनशिवाय वाचता येतात, हे कळल्यावर मराठीचे विद्यार्थी आपणहून विचारायला येऊ लागले. वापराचे आकडेही विभागवार पाहावेत. एकूण बेरजेत कोणता विभाग कोरडा राहिला, ते दिसत नाही.