बंद पडलेला क्षेपणास्त्र प्रकल्प म्हणजे पाण्यात गेलेला पैसा?

उत्सुक_वाचक:
गरीब, विकसनशील देश क्षेपणास्त्र बनवायला सुरुवात कुठून करतो? मित्र म्हणतो, एक विकत घ्यायचं, खोलायचं, हुबेहूब बनवायचं. मग भारताला ते १९७०च्या दशकातच का जमलं नाही? 'प्रोजेक्ट डेव्हिल'मध्ये सोव्हिएत एसए-२ हे विमानविरोधी क्षेपणास्त्र खोलून पाहिलंच होतं की. तो प्रकल्प शेवटी गुंडाळला. म्हणजे सगळा खर्च वाया?

जुना_तपासनीस:
माझी उभी नोकरी सुट्या भागांच्या तपासणीत गेली. क्षेपणास्त्रांच्या नाही हो, साध्या पंपांच्या. पण नकलेची गोम तिथेही तीच. नमुना समोर ठेवला की मापं मिळतात, टॉलरन्स मिळत नाही. कुठलं माप जरा चुकलं तरी चालतं आणि कुठलं अजिबात नाही, हे ती वस्तू बोलून दाखवत नाही. धातूत काय काय आहे ते प्रयोगशाळा सांगेल. तो किती तापवला, कसा थंड केला, हे स्वतःचे भाग भंगारात घालूनच कळतं.

डेव्हिलमध्ये हैदराबादच्या डीआरडीएल या संरक्षण प्रयोगशाळेने हेच शिकून घेतलं. क्षेपणास्त्र हाती आलं नाही, पण द्रवइंधन इंजिनाचं काम आणि ते केलेली माणसं राहिली. १९८३ मध्ये कलामांच्या हाताखाली पाच क्षेपणास्त्रांचा एकात्मिक कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा 'पृथ्वी'चं इंजिन त्याच कामातून पुढे आलं. फेब्रुवारी १९८८ मध्ये पृथ्वी उडालं. मे १९८९ च्या 'अग्नी'त तर पहिला टप्पा एसएलव्ही-३ या उपग्रह सोडणाऱ्या रॉकेटच्या घनइंधन मोटरवरून घेतलेला, दुसरा पृथ्वीच्या इंजिनावरून. आता सांगा, डेव्हिलचा खर्च कुठल्या खात्यात मांडायचा?

खर्चाचा_हिशोब:
काका, हे सगळं ठीक, पण बाहेरचा दबाव विसरलात. १९८७ मध्ये सात श्रीमंत देशांनी एमटीसीआर आणलं, म्हणजे क्षेपणास्त्र-तंत्रज्ञानाच्या विक्रीवरचं नियंत्रण. किमान ५०० किलो वजन किमान ३०० किलोमीटर नेणारं काहीही, किंवा त्याचे भाग, विकण्यावर बंधन. अर्जेंटिनाने 'कोंडोर-२' क्षेपणास्त्र १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सोडलं ते अमेरिकेच्या दबावामुळे. तिथे कुठला आला पुढचा प्रकल्प?

जुना_तपासनीस:
दबाव खराच. पण दक्षिण कोरियाकडे बघा. १९७८ मध्ये त्यांनी 'बेकगोम' क्षेपणास्त्राची चाचणी केली, पुढच्याच वर्षी अमेरिकेसाठी १८० किलोमीटर पल्ल्याची मर्यादा मान्य केली. इथवर ठीक. १९८० नंतरच्या राजवटीने मात्र संरक्षण संशोधन संस्थेतले कितीतरी लोक घरी पाठवले. १९८३ मध्ये रंगूनला उत्तर कोरियाने त्यांच्या अध्यक्षांना मारायला बॉम्बस्फोट केला आणि तोच विषय पुन्हा हाती घ्यावा लागला! मर्यादा पाळूनही माणसं टिकवता आली असती.

उत्सुक_वाचक:
आणि चीन? त्यांना तर सोव्हिएत तज्ज्ञ मिळाले होते ना?

जुना_तपासनीस:
मिळाले, आणि ऑगस्ट १९६० मध्ये परतही गेले. नोव्हेंबरमध्ये चीनने सोव्हिएत आर-२ क्षेपणास्त्राची नक्कल उडवली. पुढचं डीएफ-२ मात्र स्वतःच्या आराखड्याचं होतं. ते मार्च १९६२ मध्ये कोसळलं आणि जून १९६४ मध्ये कुठे नीट उडालं. तुमच्या मित्राला या दोन तारखा दाखवा. नक्कल तज्ज्ञ गेल्यावर तीन महिन्यांत उडाली, स्वतःचं करायला पहिल्या अपयशानंतरही दोन वर्षं. आणि मधल्या काळात कुणी प्रकल्पाला टाळं लावलं नाही.

खर्चाचा_हिशोब:
बरं, मग 'त्रिशूल'चं काय? १९८३ च्या पाचांतलंच ते. शेवटी बंदच केलं ना? तिथेही 'माणसं राहिली' म्हणणार?

जुना_तपासनीस:
नाही म्हणणार. पाच क्षेपणास्त्रं एकदम हाती घेणं ही मला हावच वाटते. पृथ्वीला मागचं इंजिन होतं, अग्नीला एसएलव्ही. रणगाडाविरोधी 'नाग'च्या इन्फ्रारेड सीकरमागे, म्हणजे लक्ष्य शोधणाऱ्या भागामागे, तसा तयार पाया नव्हता, आणि त्याला दशकं लागली. मी असतो तर पृथ्वी-अग्नी आधी, आणि उरलेल्या पैशात नुसतं सीकरचं काम. क्षेपणास्त्राचं नावसुद्धा घेतलं नसतं.