व्हिडिओ मुलाखत: वीज आणि उजेडही बघा
नोकरीसाठी व्हिडिओवरून मुलाखत द्यायची म्हटलं की कपडे आणि मागच्या भिंतीबद्दल बरंच बोललं जातं, पण वीज आणि उजेड राहून जातात. पुण्याकडे महावितरणची देखभाल-दुरुस्ती बहुधा गुरुवारी असते. मुलाखत त्या दिवशी असेल तर वाय-फायवर विसंबू नका. लॅपटॉप बॅटरीवर चालेल, पण राउटर बंद पडतो. मोबाइलचा हॉटस्पॉट आदल्या दिवशीच जोडून बघा. खिडकी पाठीमागे आली की चेहरा काळा दिसतो, ती समोर घ्या. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं ठेवली की कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत येतो. आणि बोलताना पडद्यावरच्या चेहऱ्याकडे नाही, कॅमेऱ्याकडे बघा. हे मात्र सरावाशिवाय जमत नाही. भाचीकडून मी झूमवर तीनदा रेकॉर्डिंग करून घेतलं, तेव्हा कुठे तिची नजर स्थिरावली.