मदत हवी: क्रॉसफ्लो टर्बाईनचा पहिला रनर जमला, दुसरा का डुगडुगतोय?

मंडळी, फॅब्रिकेशनवाले किंवा छोट्या जलविद्युतवर काम केलेले कोणी असाल तर प्लीज बघा. आमचं वर्कशॉप गेट, ग्रिल आणि शेडचं, पण डोक्यात खूळ घेतलंय की पाण्यावरचं टर्बाईन बाहेरून मागवायचं नाही, इथेच बनवायचं. मिशेल नावाच्या इंजिनियरनं 1903 साली पेटंट घेतलं तेच हे डिझाइन, आणि नेपाळात 1970 च्या दशकात बालाजू-बुटवलच्या वर्कशॉपांनी हे बनवायला घेतलं, म्हणून म्हटलं आपल्यालाही जमेल. ओतकाम लागत नाही, पाईप उभा चिरला की त्यातूनच पाती निघतात, हे मला फार आवडलं.

साइटवर 10 मीटर हेड (पाणी पडण्याची उंची), सेकंदाला 300 लिटर पाणी. म्हणजे कागदावर 29 किलोवॅट, आणि सगळे लॉस धरून 17-18 मिळाले तरी पुष्कळ. रनर (पाण्याने फिरणारं पात्यांचं चाक) 300 मिमी व्यासाचा, 40 सेंमी रुंद, पाती 28, मिनिटाला फेरे 420 च्या आसपास, पुढे बेल्टने 1500 फेऱ्यांचा जनरेटर.

पहिला रनर मी स्वतः महिनाभर खपून बनवला, झकास फिरला. दुसरा पोरांनी त्याच ड्रॉइंगवर बनवला तर डायल गेजवर (डुगडुग मोजायचं घड्याळी मापक) 3 मिमी डुगडुगतो!! शाफ्ट लेथवर फिनिश करून मगच बसवला होता, पाती दोन्ही टोकांना धरणाऱ्या चकत्याही लेझरने कापून आणलेल्या, तरी वेल्डिंग झाल्यावर सगळं एका अंगाला ओढलं गेलं. आणि पहिल्याची गंमत (गंमत कसली) म्हणजे सात महिन्यांनी तीन पात्यांना तडे, चकतीला लागून. आता गिऱ्हाईक विचारतं की पातं तुटलं तर दुसरं बसेल का, तर काय सांगू, माझे दोन रनरच एकमेकांसारखे नाहीत. एक नग बनवणं म्हणजे कारखाना नव्हे हे आत्ता कळतंय. जिग (वेल्डिंग करताना भाग जागेवर धरणारा साचा) कसा करायचा, वेल्डिंग कुठल्या क्रमाने, आणि तडे कशाने, कोणी सांगेल का?

प्रतिसाद
शाफ्ट आधी फिनिश केलात तिथेच गडबड. त्यावर जादा मटेरियल ठेवा, आधी सगळं वेल्डिंग उरका, भट्टीत 600 अंशांच्या आसपास तापवून सावकाश थंड करा, आणि मग लेथवर शेवटचा कट. वेल्डिंग ओळीने करत जाऊ नका, एक पातं झालं की बरोबर समोरचं. पाती चकतीच्या खाचेतून आरपार काढून बाहेरून वेल्ड करताय ना? आतून केलं असेल तर तडा तिथूनच सुरू होतो.

आता तड्यांचं. प्रत्येक पात्यावर एका फेऱ्यात पाणी दोनदा आदळतं, आत जाताना आणि बाहेर पडताना. 420 फेऱ्यांना दिवसाचे बारा लाख धक्के होतात हो, आणि 40 सेंमी पातं मध्ये आधाराशिवाय! मध्ये एक चकती टाकाच. जिगचं म्हणाल तर दोन्ही चकत्या एकाच जाड शाफ्टवर घट्ट धरणारा, एवढं पुरे. अजून एक, पाईप शिवणीचा (पत्रा वळवून जोड वेल्ड केलेला) होता का? शिवण कुठल्या पात्यात गेली बघा.

धागाकर्ता
दादा, आत्ताच बॅटरी घेऊन बघून आलो. पाईप शिवणीचाच, आणि तीनपैकी दोन पात्यांत शिवण बरोबर मधोमध, तिसऱ्यात मात्र शिवण नाही. चार पाती काढल्यावर एक पट्टी वाया जातेच, शिवण तिच्यात घ्यायला हवी होती. वेल्ड आतूनच केलंय, कबूल. मधल्या चकतीला पण खाचा पाडून पाती आरपार घालायची की चकतीचे दोन तुकडे करून बसवायचे? आरपार घातली तर सगळी पाती एकदम सरळ धरायची कशी तेच कळत नाहीये.