अपडेट पाठवा, पण कुठल्या वेळी?

सारखं डोक्यावर बसणाऱ्या बॉसचं काय करायचं, यावर 'बॉसने विचारायच्या आधीच अपडेट देत जा' असं दोघांनी सुचवलंय ते पटलं, पण त्यात वेळेचा मुद्दा राहिला. आमच्या पुण्याच्या ऑफिसात मॅनेजर दिवसभर 'कुठवर आलं?' म्हणून पिंग करायचे, क्लायंटला जाणाऱ्या प्रत्येक मेलचा ड्राफ्ट आधी त्यांना दाखवायचा, अगदी 'मिळालं, थँक्स' एवढा असला तरी. मी सकाळी स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग) झाला की नीट स्टेटस मेल टाकायचे आणि तरी दुपारपासून पिंग सुरूच. मग कळलं की संध्याकाळी ६:३० ला त्यांचा अमेरिकेतल्या क्लायंटशी कॉल असतो, तिथे एकेका तिकिटाचं (नोंदवलेल्या कामाचं) उत्तर त्यांनाच द्यावं लागतं आणि माझा सकाळचा मेल तोवर शिळा झालेला असतो. तोच मेल पाचला पाठवायला लागले, काय झालं, काय अडलंय, तुमच्याकडून कुठला निर्णय हवाय, बस. पिंग बरेच कमी झाले. ड्राफ्ट दाखवणं मात्र त्याने सुटलं नाही, त्यासाठी वन-ऑन-वनमध्ये (दोघांच्याच मीटिंगमध्ये) सरळ विचारलं की कुठले मेल तुम्ही बघायलाच हवेत, आणि ठरलं ते (फक्त तारखा आणि पैशांचे) लगेच मेलवर लिहून घेतलं.

मायक्रोसॉफ्टच्या टीम्स ॲपवर नावापुढचा ठिपका पिवळा (म्हणजे 'जागेवर नाही') झाला म्हणून ज्यांना बोलणी खावी लागली त्यांच्यासाठी, मायक्रोसॉफ्टच्याच प्रॉडक्टिव्हिटी स्कोअरमध्ये (ऑफिसात त्यांची ॲप्स किती वापरली जातात ते दाखवणाऱ्या टूलमध्ये) आधी प्रत्येकाच्या वापराचे आकडे नावासकट दिसायचे, त्यावर खूप टीका झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये कंपनीने नावं काढून टाकायचं जाहीर केलं. एचआरशी बोलताना हे जरूर सांगा.