मामा, अशोकमामांनीही बँक सोडलीच होती ना?

प्रभादेवीकर:
भाचा २६ वर्षांचा. डोंबिवलीला आईवडिलांजवळ राहतो, ठाण्यात खासगी बँकेत नोकरी. एकांकिका स्पर्धेत दोन बक्षिसं काय मिळाली, आता राजीनामा देऊन पूर्णवेळ अभिनय करायचा म्हणतो. बहिणीने मला समजवायला धाडलं, तर त्याने मलाच ऐकवलं, "मामा, अशोकमामांनीही बँक सोडलीच होती ना?" सख्ख्या मामाचं काय चालणार, समोर अख्ख्या महाराष्ट्राचा मामा उभा!

पण अशोक सराफांच्या मुलाखतीतलं या पोरांना नेमकं तेवढंच ऐकू येतं. बँक सोडली, बरोबर. कधी? वडिलांच्या इच्छेखातर स्टेट बँकेत लागले आणि जवळजवळ दहा वर्षं तिथे काढली. दिवसा बँक, संध्याकाळी नाटक. महाराष्ट्र भूषण (२०२३) आणि पद्मश्री (२०२५) ही फार पुढची गोष्ट. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात होते. डॉ. लागू तर कान-नाक-घशाचे सर्जन, चाळिशी ओलांडल्यावर १९६९ मध्ये पूर्णवेळ नट झाले आणि पुढच्याच वर्षी 'नटसम्राट'. पगार चालू ठेवून नट होता येतं, घाई कशाला? पटतंय का कोणाला?

नेपथ्यवाला:
मला नाही पटत. मालिकांच्या सेटवर नऊ वर्षं काढली आहेत म्हणून बोलतो. तेव्हा फोर्टातली बँक सुटली की माणूस लोकलने दादरला उतरून शिवाजी मंदिरात तिसऱ्या घंटेच्या आत पोचायचा. कामाची जागा आणि नाटकाची जागा एकाच रेल्वेलाइनवर होती. आज उद्याचा कॉलटाइम (सेटवर हजर व्हायची वेळ) आदल्या रात्री दहा वाजता व्हॉट्सॲपवर कळतो. बारा-तेरा तासांची शिफ्ट. सेट कुठे, तर मढ नाहीतर घोडबंदर. हातात एपिसोडची बँक नसली (आमच्याकडेही 'बँक' असते, शिल्लक भागांची!) तर सुट्टीचं नाव काढायचं नाही. ही नोकरी सांभाळून तुमचा भाचा दुसरी कुठली नोकरी करणार?

आणि लागूंचं उदाहरण मागे घ्या. डॉक्टरला कधीही परत दवाखाना थाटता येतो. राजीनामा दिलेल्या क्लार्कला तीच खुर्ची कोण देणार?

निवृत्त कॅशियर:
मी बँकेतलाच, म्हणून दोघांनाही थोडं सांगतो. बँकेतली नोकरी म्हणजे निव्वळ पगार नव्हता हो. आंतरबँक नाट्यस्पर्धा असायच्या, तालमीसाठी लवकर सोडायचे, आणि मॅनेजर नाटकवेडा निघाला तर काउंटरवर शेजारचा आपली टोकनं उरकून द्यायचा. नटाला अख्खी शाखा सांभाळून घ्यायची. आजच्या खासगी बँकेत महिनाअखेरीला टार्गेट डोक्यावर असताना कोण कोणाची टोकनं उरकणार? तेव्हा प्रभादेवीकर, "त्यांनी दहा वर्षं टिकवली" म्हणताना त्यांना कोणी टिकू दिलं तेही बघा.

माझ्याबरोबर स्पर्धा गाजवलेल्या एकाने नोकरी सोडली. मी नाही सोडली. तो आजही माझ्यापेक्षा चांगला नट आहे. दर एक तारखेला मात्र मला माझाच निर्णय आवडतो.

सायली गोरेगाव:
सगळे बँकेतच अडकलात. त्याच मुलाखतींतला घराचा भाग कोणीच काढला नाही. मुलगा लहान असताना अशोकमामांच्या पत्नी निवेदिताताईंनी स्वतःचं काम बरीच वर्षं बाजूला ठेवलं होतं. त्या काही नवख्या नव्हत्या, ऐंशीच्या दशकातल्या आघाडीच्या नायिका. २०१९ च्या मालिकेत आसावरी म्हणून घराघरांत पोचल्या तेव्हा कित्येक जणांना वाटलं, नवीनच कोणी आल्या! नटाच्या करिअरचा हिशेब मांडताना घर कोणी धरून ठेवलं हा रकाना कोरा कसा राहतो? भाचा आईवडिलांकडे जेवतोय म्हणूनच राजीनाम्याची भाषा करतोय. उद्या लग्न झालं की थांबायचं कोणी?

प्रभादेवीकर:
सायलीताई, तो त्या नवराबायकोचा आपसातला निर्णय. त्यांनी तो आनंदाने सांगितलाय, आपण कोण बोलणार? त्यांचा मुलगा तर शेफ झाला, आईबापांनी त्याच्यावर सिनेमा लादला नाही. कुटुंब सांभाळणं म्हणजे हेच ना?

सायली गोरेगाव:
त्यांच्यावर माझी तक्रारच नाही. तुमच्यावर आहे. तुम्ही भाच्याला दहा वर्षांच्या नोकरीचं उदाहरण देता, घरातल्या थांबलेल्या करिअरचं देत नाही.

नेपथ्यवाला:
सायलीताईंशी सहमत, पण भाच्याने लग्नाआधीच दोन-तीन वर्षं जीव तोडून प्रयत्न करावा. पस्तिशीत ऑडिशनला रांगेत उभं राहणं जास्त जड जातं. फक्त त्याला दोन गोष्टी आधीच सांगा. मालिकेचे पैसे काम केल्यावर नव्वद दिवसांनी येतात, म्हणजे पहिले तीन महिने खिशातले जाणार. (माझे एका निर्मात्याने सव्वा वर्ष अडकवले होते, ते वेगळंच.) आणि डोंबिवलीहून मढला सातचा कॉलटाइम म्हणजे पहाटेची लोकल, घाटकोपरहून मेट्रो, वर्सोव्याहून रिक्षा, मग बोट. परत येताना हेच उलट, बोट मिळाली तर.

निवृत्त कॅशियर:
बिनपगारी रजा मिळते का विचारलंय का त्याने? आमच्या वेळी लोक आधी रजा टाकायचे आणि राजीनामा खिशात ठेवायचे.

प्रभादेवीकर:
विचारलं, नाही म्हणाले. लागूंचं उदाहरण मागे घेतो. कॅशियरसाहेबांचं शाखेचं म्हणणंही डोक्यात राहिलंय, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण हातात एखादं मोठं काम आल्याशिवाय राजीनामा नको, हे मी सोडणार नाही. गुरुवारी वर्सोव्याला आरामनगरात त्याची ऑडिशन आहे. त्यासाठी अर्धा दिवस रजा मिळवली म्हणे. आत्ताच बहिणीचा फोन येऊन गेला. साहेबाला कारण सांगितलंय, मामा सिरियस आहे.